परदेशी राहायला जाताना साहित्य का वाचावे : कोलोनला निघालेल्या एका नागपूरकरांना उत्तर

नागपुरातील एका अभियंत्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीसाठी ते लवकरच जर्मनीतील कोलोन शहरी जाणार आहेत आणि त्यांच्या पत्नी काही महिन्यांनी तिकडे जातील. जर्मन भाषेची बी-वन, म्हणजे मध्यम पातळीची, परीक्षा झाली आहे. घरभाड्याचा करार, आरोग्य विमा, पत्त्याची नोंदणी, बाटल्यांवरची अनामत आणि कचऱ्याचे वेगवेगळे डबे या सगळ्यांची माहिती तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हिडिओंमधून त्यांनी करून घेतली आहे. असे असताना भाषा शिकवणारे लोक ‘तिकडचे साहित्य वाचा’ असा आग्रह का धरतात, रोजच्या जगण्यात त्याचा खरोखर काही उपयोग होतो का, आणि होत असेल तर हाताशी असलेल्या थोड्या वेळात नेमके काय वाचावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी धरमपेठेत बरीच वर्षे जर्मन शिकवतो आणि त्याआधी काही काळ ऱ्हाईन नदीच्या काठच्या गावांत राहिलो आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत परिचारिका असतात, अभियंते असतात, एम.एस.ला निघालेली मुले-मुली असतात आणि अलीकडे त्यांचे आईवडीलही असतात. त्यांतले बरेच जण तिकडे गेल्यावरही संपर्क ठेवतात, त्यामुळे कोणाचे बस्तान कसे बसले हे मला दुरून का होईना दिसत राहते. पुढचे उत्तर त्या अनुभवातून दिलेले आहे.

व्हिडिओंमधून मिळणारी माहिती कमी प्रतीची आहे असे मी म्हणणार नाही. कोणत्या कार्यालयात कोणता कागद न्यायचा हे कोणतीही कादंबरी सांगत नाही, आणि रविवारी दुकाने बंद असतात एवढे कळण्यासाठी कोणी थॉमस मानसारखा जर्मन कादंबरीकार हाती घेऊ नये. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कागदपत्रांची धावपळ संपली, पगार खात्यात जमा होऊ लागला, घर लागले, की माणूस कचेरीत, जिन्यात किंवा शेजाऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर अशा प्रसंगांत सापडतो की जिथे नियम कोणताच मोडलेला नसतो आणि तरीही समोरच्याचा चेहरा एकाएकी बदलतो. तो का बदलला हे समोरचा सांगत नाही, आणि पुष्कळदा त्यालाही ते नीट सांगता येत नाही, कारण ते त्याच्या घरात आजी-आजोबांपासून झिरपत आलेले असते. परक्या समाजाची ही न बोललेली आठवण आपल्यापर्यंत पोचवण्याचे काम साहित्याइतके दुसरे काही करत असल्याचे मला दिसलेले नाही. माझा आग्रह आहे तो त्यासाठी. भाषा सुधारते हा त्यातला दुय्यम फायदा आहे.

एक उदाहरण जरा सविस्तर देतो. वोल्फगांग बोर्शर्ट हा हॅम्बुर्गचा लेखक १९४७ मध्ये, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी वारला. त्याने १९४६ मध्ये लिहिलेली ‘डास ब्रोट’, म्हणजे पाव, ही कथा दोन-अडीच पानांची आहे आणि बी-वन झालेल्या कोणालाही ती शब्दकोश जवळ घेऊन मूळ जर्मनमध्ये वाचता येते. रात्री अडीच वाजता एका म्हातारीला जाग येते. शेजारचा बिछाना रिकामा आहे आणि स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली आहे. ती जाते, तर नवरा तिथे उभा आहे. टेबलावर पावाची ताटली आहे, सुरी आहे आणि टेबलक्लॉथवर चुरा सांडलेला आहे. झोपण्यापूर्वी रोज टेबलक्लॉथ स्वच्छ करण्याची तिची सवय असल्यामुळे तो चुरा तिला लगेच दिसतो. नवरा म्हणतो, काहीतरी आवाज झाल्यासारखे वाटले म्हणून उठलो. ३९ वर्षांच्या संसारानंतर तो आपल्याशी खोटे बोलतो आहे, हे तिला सहन होत नाही. पण ती काही बोलत नाही. बाहेर पागोळीच्या नळाचा आवाज झाला असेल, असे म्हणून ती त्यालाच सावरून घेते आणि ताटलीकडे बघावे लागू नये म्हणून दिवा मालवते. अंथरुणात पडल्यावर अंधारात तो हळूच काहीतरी चावतो आहे हे तिला ऐकू येते, आणि त्याला कळू नये म्हणून ती मुद्दाम संथ श्वास घेत राहते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एरवीच्या तीन कापांऐवजी ती त्याच्यापुढे चार काप सरकवते आणि म्हणते, मला हा पाव हल्ली नीट पचत नाही, तू खा. त्याची मान ताटलीवर झुकलेली राहते. कथा एवढीच आहे. युद्ध हरलेल्या जर्मनीतल्या अन्नटंचाईची ही कथा आहे, पण युद्ध, शिधापत्रिका, पराभव यांपैकी एकाचाही तीत उल्लेख नाही.

ही कथा वर्गात वाचली की काय होते ते मी अनेकदा पाहिले आहे. आधी व्याकरणाच्या शंका निघतात, मग वर्ग थोडा शांत होतो, आणि मग कोणीतरी आपल्या घरातले सांगू लागते. एका परिचारिकेने सांगितले की तिची आजी अजूनही ताटात अन्न टाकू देत नाही आणि १९७२च्या दुष्काळातल्या मिलो या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरींची गोष्ट प्रत्येक नातवंडाला ऐकवते. तीच मुलगी पुढे जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात कामाला लागली. तिथे नव्वदीच्या घरातल्या एक बाई न्याहारीतला उरलेला पाव कागदी रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवत. बरोबरीच्या नव्या मुलींना तो विसराळूपणा वाटे आणि त्या तो पाव उचलून टाकत. मग बाई दिवसभर अस्वस्थ राहत. आपल्या नागपूरच्या मुलीने तो काढून घेतला नाही. संध्याकाळी बाईंना विचारून, त्यांच्या देखत, शिळा काप बदलून ती ताजा ठेवू लागली. हे तिला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नव्हते. तिने सांगितले की तिला बोर्शर्टची म्हातारी आठवली आणि पाठोपाठ स्वतःची आजी आठवली. बाईंचे तिच्याशी सूत जमले ते तिथपासून.

कोलोनचेच नाव घ्यायचे तर हाइनरिश ब्योल यांच्यापासून सुरुवात करावी. ते १९१७ मध्ये त्याच शहराच्या दक्षिण भागात जन्मले, युद्धात सैनिक म्हणून गेले, परत आले तेव्हा शहर ढिगाऱ्यांत पडलेले होते, आणि त्या ढिगाऱ्यांत राहणाऱ्या साध्या माणसांबद्दल त्यांनी आयुष्यभर लिहिले. १९७२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९४२च्या मे महिन्यात ३० आणि ३१ तारखेच्या मधल्या रात्री एक हजारांच्या आसपास ब्रिटिश विमानांनी या शहरावर हल्ला केला होता, आणि तसे लहानमोठे हल्ले शेवटपर्यंत चालूच राहिले. कॅथेड्रल उभे राहिले आणि भोवतालचे जुने शहर जवळजवळ नाहीसे झाले. ही माहिती कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत सापडते. ब्योल यांच्या १९५३ सालच्या ‘उंड झाग्टे काइन आइन्त्सिगेस वोर्ट’ (आणि एक शब्दही बोलला नाही) या कादंबरीत मात्र ती माहिती एका जोडप्याची अडचण होऊन येते. घरे उरलेली नाहीत. नवरा-बायको आणि मुले एकाच खोलीत राहतात, पलीकडच्या खोलीतले सगळे ऐकू येते, आणि त्या कोंडमाऱ्यात आपला हात मुलांवर उठू लागला म्हणून नवरा घर सोडून जिथे मिळेल तिथे रात्र काढतो. बायकोला भेटायचे तर त्याला स्वस्त हॉटेलात खोली घ्यावी लागते. एक प्रकरण तो सांगतो, पुढचे ती सांगते.

ही कादंबरी वाचून तुम्ही कोलोनला गेलात की दोन गोष्टी वेगळ्या दिसतील. पहिली म्हणजे ते शहर इतके साधे, चौकोनी, घाईघाईत बांधल्यासारखे का आहे याचे उत्तर मिळेल. ‘जर्मनी म्हणून पाहायला आलो आणि हे तर आपल्या बर्डीवरच्या जुन्या कॉम्प्लेक्ससारखेच दिसते’ ही तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे, आणि ती करणाऱ्यांपैकी कोणीही ब्योल वाचलेले नव्हते. दुसरी गोष्ट अशी की, एखाद्या दिवशी तुम्हाला घर किंवा कचेरी काही तासांसाठी रिकामी करायला सांगतील. बांधकामासाठी खोदताना तिथे आजही न फुटलेले बॉम्ब सापडतात. २०२५च्या जून महिन्यात डॉइट्स भागात तीन बॉम्ब सापडले, तेव्हा सुमारे २० हजार लोकांना एका दिवसासाठी हलवावे लागले होते. अशा वेळी वयस्क शेजारीण गप्प का होते किंवा अखंड बोलत का सुटते, हे ज्याने वाचलेले आहे त्याला समजते, आणि तो तिच्यासमोर भ्रमणध्वनी उंच धरून चित्रीकरण करत बसत नाही.

आता एक नाजूक विषय स्पष्टपणे मांडतो, कारण आपल्याकडच्या मुलांना याबद्दल कोणी आगाऊ सांगत नाही. नागपूरच्या काय किंवा कोणत्याही शहराच्या फुटपाथवर हिटलरचे आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. आपले तरुण ते ‘कडक शिस्तीचा नेता’ अशा भावनेने वाचतात आणि तिकडे गेल्यावर कँटीनमध्ये सहज म्हणून त्याचे नाव काढतात. जर्मन सहकारी त्यावर वाद घालत नाही; तो उठून जातो आणि पुन्हा त्या टेबलावर बसत नाही. तसेच आपल्या दारावरच्या स्वस्तिकाचे आहे. नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन हा तिथल्या दंडसंहितेच्या ८६-अ कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड अशी शिक्षा आहे. आपले मंगलचिन्ह त्या कायद्याचे लक्ष्य नाही हे खरे, पण जिन्यातून जाणाऱ्या माणसाच्या छातीत होणारी धडधड कायद्याचे पोटकलम वाचून थांबत नाही. दाराला तोरण लावावे, उंबऱ्यावर रांगोळी काढावी, स्वस्तिक देवघरात ठेवावे, असे मी सुचवतो. मात्र केवळ सूचना दिली तर मुलांना ती अन्यायाची वाटते. ‘आमचे चिन्ह तर हजारो वर्षांचे आहे’ हा युक्तिवाद लगेच येतो, आणि तो युक्तिवाद म्हणून चुकीचाही नाही.

म्हणून मी इर्मगार्ड कोइन यांची ‘नाख मिटरनाख्ट’ ही छोटी कादंबरी वाचायला देतो. जर्मनीत या लेखिकेच्या पुस्तकांवर बंदी आली, त्यांनी देश सोडला, आणि ही कादंबरी १९३७ मध्ये अॅमस्टरडॅमच्या प्रकाशकाने जर्मन भाषेत काढली. ‘आफ्टर मिडनाइट’ या नावाने ती इंग्रजीत मिळते. गोष्ट सांगणारी झाना ही एकोणीस वर्षांची, फारशी न शिकलेली, गप्पिष्ट मुलगी आहे. ती कोलोनमध्ये आपल्या आत्याकडे राहत असते, रेडिओवरच्या भाषणाबद्दल काहीतरी भाबडे बोलून जाते, आणि आत्याच तिची पोलिसांकडे चुगली करते. छळछावण्यांची वर्णने या पुस्तकात नाहीत. घरातल्या घरात, चहाच्या टेबलावर, हेव्यादाव्यांपायी माणसे एकमेकांना कशी अडकवत होती हे त्यात आहे, आणि ज्याने एकत्र कुटुंब पाहिले आहे त्याला त्यातले काहीही समजावून सांगावे लागत नाही. हे वाचल्यावर स्वस्तिकाबद्दलचा युक्तिवाद विद्यार्थी आपणहून थांबवतात. पुढे कोलोनच्या फुटपाथवरून चालताना पायाखाली दहा सेंटिमीटरचे, पितळी पत्रा चढवलेले चौकोनी दगड लागतील. त्यांवर नाझी राजवटीत समोरच्या घरातून नेल्या गेलेल्या माणसाचे नाव, जन्मसाल आणि मृत्यूचे ठिकाण कोरलेले असते. गुंटर डेम्निग या कलाकाराने त्यांतला पहिला दगड १९९२ मध्ये कोलोनच्याच नगरभवनासमोर बसवला आणि आता युरोपभर त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. त्या नावांविरुद्ध तक्रार करणारी कोणीतरी आत्या, कोणीतरी शेजारी होता, हे कोइन वाचलेल्या माणसाच्या मनात येते आणि तो आपोआप पाऊल बाजूला टाकतो.

तुम्ही स्वतः तिथे स्थलांतरित म्हणून राहणार आहात, तेव्हा तुमच्या आधी गेलेल्या स्थलांतरितांचे लेखनही पाहायला हवे. १९६१च्या करारानंतर तुर्कस्तानातून लाखो कामगार जर्मनीत आले. कोलोनच्या मोटार कारखान्यांतही ते मोठ्या संख्येने होते. एमिने सेव्गी ओझ्दामार १९६५ मध्ये अशाच कामगार म्हणून बर्लिनला आल्या आणि २०२२ मध्ये त्यांना जर्मन साहित्यातला सर्वोच्च मानला जाणारा ब्युश्नर पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘गोल्डन हॉर्नवरील पूल’ या कादंबरीतली नायिका भाषा येत नसताना वर्तमानपत्रांचे मथळे अर्थ न कळता पाठ करते आणि कोणी काही विचारले की तेच म्हणून दाखवते. परदेशातले पहिले वर्ष यापेक्षा नेमके कोणी रंगवले असेल असे मला वाटत नाही. अनुभव कडवट हवा असेल तर ग्युंटर वाल्राफ यांचा ‘गान्त्स उंटन’ (अगदी तळाशी) हा १९८५ सालचा वृत्तांत वाचावा. तुर्की कामगाराचा वेष घेऊन त्यांनी कारखान्यांत मिळणारी वागणूक नोंदवली होती. सुशिक्षित भारतीय अभियंत्याला तशी वागणूक सहसा मिळत नाही. ज्यांना मिळत आली त्यांच्याबद्दल मात्र आपले लोक तिथे जाऊन गोऱ्या शेजाऱ्यांच्या सुरात सूर मिसळून बोलतात, आणि ते मला फार खटकते.

प्रवासाबद्दल थोडे. साहित्य मनात घेऊन स्थळ पाहण्याची सवय विदर्भातल्या माणसाला परकी नसावी. रामटेकच्या गडावर आषाढात चढणारा माणूस मेघदूत मनात घेऊनच चढतो. कालिदासाचा रामगिरी तो हाच, ही गोष्ट महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात बसून साधार मांडली. मेघदूत काढून घेतले तर गड, देवळे आणि माकडे उरतात, आणि तेही वाईट नाही. पण मग ढगांकडे कोणी बघत नाही. युरोपात शनिवार-रविवार जोडून हिंडण्याची सोय असते आणि आपली मंडळी दोन दिवसांत तीन राजधान्या करून येतात. त्याऐवजी एका शहरासाठी एक पुस्तक आधी वाचावे आणि तेवढेच शहर पाहावे. उत्तरेत ल्युबेकला गेलात तर मेंगश्ट्रासवरच्या पांढऱ्या दर्शनी भिंतीच्या घरासमोर उभे राहावे. थॉमस मान यांच्या ‘बुडनब्रोक्स’ या १९०१ सालच्या कादंबरीतले कुटुंब त्या घरात राहते. कधी इस्तंबूलला जाणे झाले तर ओरहान पामुक यांची ‘द म्युझियम ऑफ इनोसन्स’ ही कादंबरी बरोबर न्यावी, कारण तिच्या शेवटच्या पानांत संग्रहालयाचे तिकीट छापलेले आहे आणि लेखकाने २०१२ मध्ये उघडलेल्या खऱ्या संग्रहालयात त्यावर शिक्का मारून आत सोडतात. आत नायिकेने ओढलेल्या ४,२१३ सिगारेटींची थोटके भिंतीवर टाचलेली आहेत. कादंबरी न वाचता गेलेला माणूस तिथे दहा मिनिटे थांबतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. साहित्य वाचून गेलेली माणसे फसतातही, आणि ती बहुधा पुस्तकाचे साल न पाहिल्यामुळे फसतात. डिकन्सचे धुके घेऊन लंडनला जाणाऱ्याला हे माहीत नसते की १९५२च्या जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ मध्ये तिथे कायदा झाला आणि ते धुके गेले. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० सालची आहे. ती वाचताना मला इंग्लंड जेवढे दिसते त्याहून अधिक त्या काळचा मराठी माणूस दिसतो, आणि त्याच कारणासाठी ती जरूर वाचावी. याच्या कितीतरी आधी, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिले. अमेरिकेत सुमारे अडीच-तीन वर्षे राहून त्यांनी राज्यव्यवस्था, शाळा, घरे आणि स्त्रियांच्या संस्था यांची जी बारकाईने पाहणी केली, तिच्यापुढे आजची बहुतेक प्रवासवर्णने मला हॉटेलच्या नाश्त्याच्या याद्यांसारखी वाटतात. परक्या देशात काय बघायचे असते हे शिकण्यासाठी तुम्ही अमेरिकेला जात नसलात तरी ते पुस्तक उघडा. आणखी एक सूचना, जी काहींना आवडणार नाही: जर्मन साहित्याची सुरुवात हेर्मान हेस यांच्या ‘सिद्धार्थ’पासून करू नका. पुस्तक चांगले आहे, मराठीतही मिळते, पण ते आपल्याला आपलाच देश आरशात दाखवते. कोलोनच्या शेजाऱ्याबद्दल त्यातून काही कळत नाही.

जाताना एक-दोन मराठी पुस्तके सामानात असू द्या. नोव्हेंबरात दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडू लागला की जर्मन वाचण्याचा उत्साह ओसरतो आणि माणूस रात्र रात्र मराठी मालिका पाहू लागतो. त्या वेळी आपल्या भाषेतले चांगले पान हाताशी असले तर बरे असते. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. ओळख वाढली की तिकडचे लोक तुम्हाला तुमच्या गावाबद्दल विचारतात, आणि ताजमहाल व मसाल्यांपलीकडचे विचारतात. त्या वेळी ‘ऑरेंज सिटी’ आणि ४५ अंशांचा उन्हाळा एवढ्यावर संभाषण संपू नये. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ घ्या. नाटककार नागपूरचे, वाडा विदर्भातल्या खेड्यातला, आणि इंग्रजी अनुवाद उपलब्ध असल्याने तो जर्मन मित्राच्या हातीही देता येतो. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, तात्याजींच्या मृत्यूनंतर जमलेली भावंडे, दागिन्यांवरून आणि वाट्यावरून निघणारे विषय, आणि आतल्या खोलीतून वेळ विचारणारी दादी, हे ज्याने वाचले किंवा रंगभूमीवर पाहिले आहे, त्याला ‘बुडनब्रोक्स’ जड जात नाही. ल्युबेकच्या धान्यव्यापाऱ्यांच्या चार पिढ्या, उतरती कळा आणि घराण्याचा तोरा यांची ती कहाणी आहे. त्यात एक प्रसंग आहे: घराण्याच्या वंशावळीच्या वहीत लहानगा हान्नो आपल्या नावाखाली पट्टीने दुहेरी रेघ ओढतो आणि वडील रागावल्यावर चाचरत म्हणतो की, मला वाटले यापुढे आता काही यायचे नाही. हा प्रसंग वर्गात सांगितला तेव्हा विदर्भातल्या एका जुन्या मालगुजार घराण्यातला विद्यार्थी म्हणाला, ‘सर, हे आमच्याच घरचं आहे.’ तोच विद्यार्थी पुढे तिकडे आपल्या वरिष्ठांशी या दोन पुस्तकांवर बोलला, आणि पहिल्यांदा त्याला त्यांच्या घरी जेवायला बोलावणे आले.

आता वेळेचा आणि अनुवादाचा प्रश्न. कथा मूळ जर्मनमध्ये आणि कादंबऱ्या इंग्रजीत, अशी विभागणी करावी. अनुवादात वाचणे कमीपणाचे नाही. आपण रशियन साहित्य असेच वाचत आलो आहोत. बोर्शर्टची कथा या आठवड्यातच होईल. जाण्यापूर्वी ब्योल किंवा कोइन यांपैकी एकच कादंबरी घ्यावी आणि दुसरी तिथे पोचल्यावर, त्या रस्त्यांची नावे ओळखीची झाल्यावर वाचावी. वाचलेले ठिकाण पाहण्यापेक्षा पाहिलेले ठिकाण वाचण्यात अधिक सापडते असा माझा अनुभव आहे. रोज झोपण्याआधीची पंधरा-वीस मिनिटे पुरतात. प्रत्येक अनोळखी शब्द शोधत बसू नये. एका पानावर दोन-तीन शब्द शोधावेत आणि पुढे जावे, नाहीतर तिसऱ्या पानावर पुस्तक मिटते. ग्योटे इन्स्टिट्यूटच्या डिजिटल ग्रंथालयातून भारतात बसूनही जर्मन पुस्तके वाचायला मिळतात.

तिथे गेल्यावर पत्त्याची नोंदणी झाली की पाठोपाठ शहर ग्रंथालयाचे कार्ड काढावे. रस्त्यांच्या कडेला, चौकांत, काचेच्या दाराची पुस्तकांची कपाटे दिसतील. त्यांतून कोणीही पुस्तक न्यावे आणि वाटल्यास आपले ठेवावे, अशी पद्धत आहे. मार्च महिन्यात कोलोनमध्ये ‘लिट.कोलोन’ हा मोठा साहित्य महोत्सव २००१ पासून भरतो. लेखक स्वतःच्या पुस्तकातले उतारे तासभर वाचतो आणि लोक तिकीट काढून, एकही शब्द न बोलता ऐकतात. आपल्या संमेलनातल्या मांडवाची सवय असलेल्याला ते आधी विचित्र वाटते. पहिल्या वर्षी निम्मे कळले नाही तरी जावे, कारण मध्यंतरात शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आपणहून बोलतो, आणि अनोळखी माणूस आपणहून बोलण्याचे प्रसंग त्या देशात फार नसतात. सेवेरिन रस्त्यावर गेलात तर तिथे शहराचे ऐतिहासिक अभिलेखागार होते हे लक्षात ठेवा. भुयारी रेल्वेच्या कामामुळे ३ मार्च २००९ रोजी ती इमारत कोसळली, शेजारच्या घरांतल्या दोघांचा जीव गेला, आणि ब्योल यांची हस्तलिखितेही त्याच ढिगाऱ्यात सापडली. गावातले जुने लोक अजूनही त्याबद्दल चिडून बोलतात. तुम्ही ब्योल वाचला आहे असे कळले की आणखी मोकळेपणाने बोलतील.

तुमच्या पत्नींबद्दल तुम्ही वेगळे विचारलेले नाही, तरी लिहितो, कारण नोकरीवर जाणाऱ्याला कचेरी तरी असते. मागाहून जाणाऱ्या जोडीदाराला पहिले वर्ष बहुधा चार भिंतींत काढावे लागते. त्यांची भाषा ए-टू, म्हणजे बी-वनच्या खालच्या, पातळीची असेल तर एरिश केस्टनर यांचे ‘एमिल उंड डी डिटेक्टिव्हे’ हे १९२९ सालचे मुलांचे पुस्तक त्यांना द्यावे. गावाकडचा एमिल आगगाडीने एकटा बर्लिनला निघतो, आईने कष्टाने साठवलेले १४० मार्क त्याने कोटाच्या आतल्या खिशात टाचणीने टाचलेले असतात, आणि डब्यातला टोपीवाला माणूस ते चोरतो. मोठ्यांची मदत न मागता शहरातली मुले चोराचा माग काढतात, आणि नोटांवरची टाचणीची भोके शेवटी पुरावा ठरतात. भाषा सोपी आहे, गोष्ट धावती आहे, आणि तिकडची सात-आठ वर्षांची मुले एकटी ट्रामने शाळेत जाताना पाहून आपल्या पोटात जो गोळा येतो, तो हे पुस्तक वाचल्यावर बराच कमी होतो. याच केस्टनर यांची मोठ्यांसाठीची पुस्तके १९३३ मध्ये बर्लिनच्या चौकात जाळली गेली, आणि ते स्वतः गर्दीत उभे राहून ते पाहत होते.

पुस्तक मात्र त्यांनी मोठ्याने वाचावे, आणि शक्य असेल तर शेजारच्या एखाद्या मुलाला सोबत घेऊन वाचावे. उच्चार चुकला की मुले लगेच दुरुस्त करतात, हसतात आणि पुढे काय झाले ते विचारतात. त्या मुलाच्या आईशी ओळख होण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.